जीआयएसची एमएस्सी: डेझर्टेशन कुठे फसतं आणि का

जीआयएसच्या (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याच्या विषयाच्या) एमएस्सी किंवा एमटेकला प्रवेश घ्यायचं मनात असलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात? प्रश्न साहजिक आहे, पण सॉफ्टवेअर महिन्या-दीड महिन्यात हाताखाली येतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याचे धडे यूट्यूबवर हवे तेवढे आहेत. उरलेला सगळा काळ वेगळ्याच गोष्टीसाठी असतो: नकाशावर आपण जो आकडा छापला, त्याचा हिशेब देता येणं. हे क्षेत्रफळ कुठल्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याच्या पद्धतीत) मोजलं? हा बिंदू किती मीटरने चुकलेला असू शकतो? हे वर्गीकरण किती खरं, आणि ते कशावरून? व्हायव्हाला आलेले परीक्षक हेच विचारतात आणि रंगीत, देखणे प्रबंध नेमके इथे अडखळतात. म्हणून हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे.

कुठे शिकावं याबद्दल थोडक्यात. डेहराडूनचं आयआयआरएस (उपग्रहचित्रांचा अभ्यास शिकवणारी संस्था) १९६६ पासून हेच काम करतंय, आयआयटी मुंबईत सीएसआरई हे अभ्यासकेंद्र आहे, पुण्यात विद्यापीठाच्या भूगोल विभागात आणि सिम्बायोसिसमध्ये जिओइन्फर्मॅटिक्सचे अभ्यासक्रम आहेत. एमटेकसाठी गेटमध्ये २०२२ पासून जिओमॅटिक्स इंजिनिअरिंग हा स्वतंत्र पेपर आहे; त्याआधी या विषयाच्या मुलांना सिव्हिल किंवा भूशास्त्राच्या पेपरमधून वाट काढावी लागायची. भूगोल, भूशास्त्र, कृषी, सिव्हिल, कॉम्प्युटर, सगळीकडून मुलं येतात आणि प्रत्येकाची एक बाजू लंगडी असते. भूगोलवाल्यांना पायथॉन नवीन, कॉम्प्युटरवाल्यांना डेटम (मोजणीचा संदर्भ-पाया) नवीन. अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातली सॉफ्टवेअरची यादी बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी पाहा: संख्याशास्त्र सक्तीचं आहे का, प्रत्यक्ष सर्वेक्षण करून घेतात का, आणि डेझर्टेशनला पूर्ण सत्र मिळतं का. संख्याशास्त्र ऐच्छिक असेल तर ते स्वतःहून घ्या. पुढे त्याच्यावाचून अडतं.

आता प्रोजेक्शन. हा धडा पहिल्याच सत्रात होतो आणि सगळ्यात जास्त चुका त्यातच होतात.

महाराष्ट्र साधारण ७२.६ ते ८०.९ अंश पूर्व रेखांशांत पसरलाय. यूटीएम हे मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन पृथ्वीला सहा-सहा अंशांच्या झोनमध्ये वाटतं; त्याचा ४३ वा झोन ७२ ते ७८ अंशांपर्यंत आणि ४४ वा ७८ ते ८४ पर्यंत. म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर, अकोला ४३ मध्ये, तर नागपूर, वर्धा, चंद्रपूर ४४ मध्ये. ७८ ची रेषा अमरावती, यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांना चिरत जाते. यवतमाळ शहर रेषेच्या जेमतेम पूर्वेला. त्यामुळे पुण्यात शिकलेला विद्यार्थी सवयीने ईपीएसजी ३२६४३ (४३ व्या झोनचा संकेतांक) लावतो, विदर्भातल्या गावाचे आकडे ३२६४४ मधून येतात, आणि नकाशा उघडल्यावर गाव सहाशे किलोमीटर पश्चिमेला जाऊन बसतं. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक वेगळी आहे.

लेयरला सीआरएस (आकडे कुठल्या निर्देशांक-पद्धतीतले ते सांगणारी पाटी) लावणं आणि लेयरचं प्रोजेक्शन बदलणं ही दोन निराळी कामं. ‘सेट लेयर सीआरएस’ फक्त पाटी बदलतं. आतले आकडे जिथल्या तिथे राहतात. खरोखर रूपांतर करायचं असेल तर ‘रीप्रोजेक्ट’ करून नवी फाइल काढावी लागते. अंशांतल्या लेयरवर यूटीएमची पाटी लावली की सॉफ्टवेअर ७३.८५ ला ७३.८५ मीटर समजतं आणि आख्खं पुणे विषुववृत्ताजवळ, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात, एका ठिपक्यात गोळा होतं. मग मुलं ‘डेटा हरवला’ म्हणून पुन्हा डाउनलोड करत बसतात.

क्षेत्रफळाबाबतीत सर्वांत फसवं प्रोजेक्शन वेब मर्केटर, ईपीएसजी ३८५७. गुगल किंवा ओपनस्ट्रीटमॅपची पार्श्वभूमी आधी उघडली की क्यूजीआयएसचा प्रकल्प गुपचूप त्यातच सुरू होतो. या प्रोजेक्शनमध्ये क्षेत्रफळ अक्षांशाच्या कोसाइनच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात फुगतं. पुण्याच्या १८.५ अंशांवर ही फुगवट सुमारे ११ टक्के. म्हणजे १०० हेक्टरचं रान १११ हेक्टर भरतं. यूटीएममध्ये झोनच्या मध्यरेषेवर हीच चूक हजार हेक्टरमागे एक हेक्टरच्याही आत राहते. संपूर्ण राज्याचं क्षेत्रफळ एकदम हवं असेल तर मात्र यूटीएम पुरत नाही. तिथे आल्बर्सचं समक्षेत्र प्रोजेक्शन बनवून घ्या: प्रमाण अक्षवृत्तं १६.७५ आणि २१ अंश, मध्य रेखावृत्त ७६.७५. हे दोन अक्षांश राज्याच्या दक्षिण आणि उत्तर टोकांपासून एकूण विस्ताराच्या एक-षष्ठांश आत घेतलेले आहेत. जुनी, खात्रीची पद्धत आहे ही.

जुनी टोपोशीट (सर्वे ऑफ इंडियाचा छापील नकाशा) जिओरेफरन्स करताना, म्हणजे स्कॅनला खऱ्या जागेवर बसवताना, आणखी एक पायरी असते. आधी शीटचा क्रमांक वाचायला शिका. ४७ एफ/१४ घ्या. ४७ म्हणजे चार अंश बाय चार अंशांचा चौकोन: १६ ते २० उत्तर, ७२ ते ७६ पूर्व. त्याचे एक-एक अंशाचे सोळा तुकडे ए ते पी. मोजणी वायव्य कोपऱ्यातून खाली, मग पुढच्या उभ्या ओळीत. ए, बी, सी, डी संपले की ई, आणि एफ म्हणजे १८ ते १९ उत्तर, ७३ ते ७४ पूर्व. त्याचे पुन्हा तसेच सोळा, प्रत्येकी १५ मिनिटांचे. १४ वा चौथ्या ओळीत वरून दुसरा: १८ अंश ३० मिनिटं ते १८ अंश ४५ मिनिटं, आणि ७३ अंश ४५ मिनिटं ते ७४ अंश. हे पुणे. एकदा बोटाने कागदावर करून पाहिलं की शीट-इंडेक्स धुंडाळत बसावं लागत नाही.

या जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिकृतीवर) आहेत, जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ वर नाहीत. कोपऱ्यातले अंश-मिनिटं टाइप करून वर सरळ डब्ल्यूजीएस ८४ लावलं, तर पुण्याच्या भागात सगळं शंभर मीटरहून अधिक सरकतं. आधी कल्याणपूर १९७५, म्हणजे ईपीएसजी ४१४६ निवडायचं, त्यात बिंदू द्यायचे आणि मग रूपांतर करायचं. शीटवर पाच-पाच मिनिटांच्या जाळीचे १६ छेद मिळतात, ते सगळे वापरा. तीनच बिंदूंवर पहिल्या कोटीचं बहुपद बसवलं की आरएमएसई (सरासरी चूक) शून्य येते आणि विद्यार्थी खूश होतो. ते शून्य अचूकतेचं नसतं. तीन बिंदूंतून ते गणित नेहमीच तंतोतंत बसतं, चूक मोजायला चौथा बिंदूच उरत नाही. १:५०,००० च्या शीटवर ३०० डीपीआयचा स्कॅन असेल तर एक पिक्सेल जमिनीवर सव्वाचार मीटरचा. आरएमएसई बारा-तेरा मीटरच्या आत आली तर काम नीट झालं म्हणायचं. कागद घडी पडून सुरकुतलेला असेल तर तिसऱ्या कोटीचं बहुपद लावायचा मोह होतो. त्याला किमान दहा बिंदू लागतात आणि बिंदूंच्या मधल्या जागी ते नकाशा वाटेल तसा ताणतं. त्यापेक्षा नीट स्कॅन मिळवा.

आता आपल्या लिपीचा एक खास त्रास, जो इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. शेपफाइल या जुन्या प्रकारच्या नकाशा-फाइलमध्ये रकान्याचं नाव दहा बाइटपुरतंच असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, आणि मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. म्हणजे दहा बाइटमध्ये जेमतेम तीन चिन्हं. ‘तालुका’ या शब्दात सहा आहेत: त, काना, ल, उकार, क आणि शेवटचा काना. नाव मधेच तुटतं आणि ‘ताल’ एवढंच उरतं. मजकुराच्या रकान्यात २५४ बाइट, म्हणजे सुमारे ८४ चिन्हं. सोबतची सीपीजी फाइल हरवली की गावांची नावं प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसतात, कारण एन्कोडिंग कुठलं ते सॉफ्टवेअरला कळत नाही. यावर उपाय एकच: जिओपॅकेज वापरा. एकच फाइल, रकान्याच्या नावाला जागा भरपूर, देवनागरी सुखरूप. शेपफाइल फक्त समोरच्याने मागितलीच तर द्या.

गावांच्या नावांवरून टेबल जोडणं हा तर हमखास फसणारा प्रकार. ‘पिंपळगाव’ एकाच जिल्ह्यात अनेक सापडतील, आणि रोमन लिपीत त्याचं स्पेलिंग दर खात्यात वेगळं. जनगणनेचे गाव-कोड किंवा एलजीडी (केंद्र सरकारच्या स्थानिक संस्थांच्या यादीतले) कोड वापरूनच जोडा, आणि दोन्हींतला फरक लक्षात ठेवा. ते वेगवेगळे क्रमांक आहेत. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की कोडच्या सुरुवातीची शून्यं गळतात, मग जोडणी निम्मीच होते. शिवाय २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. २०११ चे आकडे आजच्या हद्दींवर दाखवायचे असतील तर ठाण्याचे तालुके आधी हाताने वाटून घ्यावे लागतात. जोडणी झाल्यावर किती ओळी रिकाम्या राहिल्या ते मोजा आणि तो आकडा प्रबंधात लिहा.

उपग्रहचित्रांकडे वळू. आज बहुतेक डेझर्टेशन सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांवर होतात, कारण चित्रं मोफत आणि १० मीटर पिक्सेल. एक टाइल १०,९८० बाय १०,९८० पिक्सेलची. म्हणजे एका बँडमध्ये (प्रकाशाच्या एका रंगपट्ट्यात) बारा कोटींहून अधिक पिक्सेल. दशांश संख्या म्हणून साठवले तर एका बँडला सुमारे ४८० एमबी. दहा बँड एकदम मेमरीत घेतले तर पावणेपाच जीबी. आठ जीबीचा लॅपटॉप का गोठतो ते यावरून कळेल. १६ जीबी रॅम आणि एसएसडी घ्या, महागडं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं. आणि चित्र आधी अभ्यासक्षेत्रापुरतं कापून मगच कामाला लागा.

सेंटिनेलमध्ये २५ जानेवारी २०२२ पासून एक बदल झालाय, आणि तो माहीत नसल्याने काळानुसार बदल दाखवणारे प्रबंध अख्खेच्या अख्खे चुकतात. त्या दिवसापासून, म्हणजे प्रोसेसिंग बेसलाइन (प्रक्रियेची आवृत्ती) ०४.०० पासून, प्रत्येक पिक्सेलच्या किमतीत १,००० मिळवलेले असतात. परावर्तन काढताना ते वजा करून मग १०,००० ने भागायचं. नाही केलं तर काय होतं बघा. एका दाट झाडोऱ्याच्या पिक्सेलला लाल बँडमध्ये ५०० आणि निअर इन्फ्रारेडमध्ये ३,००० किंमत आहे. एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक: दोन्ही बँडांची वजाबाकी भागिले बेरीज) म्हणजे २,५०० भागिले ३,५००, उत्तर ०.७१. तोच पिक्सेल नव्या बेसलाइनमध्ये १,५०० आणि ४,००० दाखवतो. वरची वजाबाकी तीच राहते, २,५००; खालची बेरीज ५,५०० होते. उत्तर ०.४५. जंगल जागच्या जागी उभं आहे आणि प्रबंध म्हणतो, २०१९ ते २०२३ मध्ये हिरवाई ओसरली! जुनी चित्रंही पुढे नव्या बेसलाइनने पुन्हा तयार केली गेली आहेत, त्यामुळे चित्राच्या तारखेवर विसंबू नका, मेटाडेटातला बेसलाइन क्रमांक वाचा. गुगलच्या अर्थ इंजिनमध्ये काम करत असाल तर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संग्रह निवडा, तिथे हे आधीच सुधारलेलं आहे. लँडसॅट उपग्रहाच्या कलेक्शन २ मध्येही असाच हिशेब आहे: किंमत गुणिले ०.००००२७५, वजा ०.२.

अर्थ इंजिनबद्दल एवढंच. अनेक चित्रांचं मीडियन काढलं की तयार होणाऱ्या चित्राला स्वतःचा पिक्सेल आकार नसतो. डिफॉल्ट एक अंश धरला जातो, म्हणजे शंभरेक किलोमीटरचा पिक्सेल. त्यावर ‘रिड्यूस रीजन’ (प्रदेशाचा एकत्र आकडा काढणारी आज्ञा) चालवताना स्केल १० लिहिलं नाही तर तालुक्याची सरासरी भलतीच येते, आणि आकडा दिसायला अगदी शहाणा असतो. स्केल प्रत्येक वेळी लिहायचंच.

वर्गीकरण (कुठल्या पिक्सेलवर काय आहे ते ठरवणं) आणि त्याची अचूकता हा या अभ्यासाचा गाभा, म्हणून इथे थोडं थांबू. सिंधुदुर्गात काजूखालचं क्षेत्र काढायचं आहे असं धरा. तिथे काजू, आंबा, रबर आणि जंगल एकमेकांना खेटून असतात. डिसेंबरच्या एकाच चित्रावर हे चारही हिरवेगार दिसतात आणि रँडम फॉरेस्ट अल्गोरिदम असो की आणखी काही, गोंधळतंच. उन्हाळ्यात चित्र बदलतं: पानझडी जंगल मार्च-एप्रिलपर्यंत बोडकं होतं, रबर हिवाळ्याच्या शेवटी पानं टाकून पुन्हा पालवतो, काजू आणि आंबा मात्र हिरवे राहतात. म्हणून डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल अशा तीन तारखांचे बँड एकत्र रचले की वर्ग सुटे व्हायला लागतात. काजू आणि आंबा तरीही एकमेकांत मिसळतील. तसं स्पष्ट लिहा, किंवा ‘सदाहरित बागा’ असा एकच वर्ग करा. अल्गोरिदम बदलून जे साधत नाही ते तारीख बदलून साधतं, हे ध्यानात आलेला विद्यार्थी पुढे कुठेही चालतो. पावसाळ्यातल्या भातासाठी मात्र ही चित्रं कामाची नाहीत. जून ते सप्टेंबर कोकणावर ढगांचं छत असतं. तिथे सेंटिनेल-१ चं रडार घ्यावं लागतं. लावणीच्या वेळी खाचरात पाणी उभं असतं, म्हणून परत येणारा संकेत एकदम पडतो आणि पीक वाढलं की चढतो. त्या खड्ड्यावरून भात ओळखायचा. सह्याद्रीच्या उतारांवर रडारची सावली पडते, तो भाग आधीच वगळा.

नमुने घेताना होणारी चूक अशी. विद्यार्थी वीस बागांभोवती पॉलिगॉन काढतो, त्यांतून दोन हजार पिक्सेल निघतात, मग ते यादृच्छिकपणे ७०:३० वाटतो. शिकवायला घेतलेला पिक्सेल आणि तपासायला घेतलेला पिक्सेल एकाच बागेतले, शेजारी-शेजारी. मॉडेलने उत्तरपत्रिका आधीच पाहिलेली असते, त्यामुळे अचूकता शंभराच्या जवळ येते. वाटणी बागांची करा, पिक्सेलची नको: चौदा बागा शिकवायला, सहा तपासायला. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल.

तपासणीचे बिंदू तर नकाशातूनच स्तरवार, यादृच्छिक निवडायला हवेत, आणि हिशेबात प्रत्येक वर्गाचं क्षेत्रफळ धरायला हवं. उदाहरणादाखल आकडे घेऊ. अभ्यासक्षेत्र १,००० चौरस किलोमीटर. नकाशा म्हणतो काजू १०० चौ. किमी, बाकी ९००. काजूच्या भागात ५० बिंदू टाकले, ४० खरोखर काजू निघाले. बाकीच्या भागात १५० टाकले, त्यांतले ९ प्रत्यक्षात काजू निघाले. नुसते बिंदू मोजले तर: एकूण काजू ४९, नकाशाने पकडले ४०, म्हणजे ८२ टक्के. छान वाटतं. आता क्षेत्रफळाने बघा. १०० पैकी ८० टक्के, म्हणजे ८० चौ. किमी काजू. उरलेल्या ९०० पैकी ६ टक्के, म्हणजे ५४ चौ. किमी काजू नकाशातून सुटलेला. खरा काजू १३४ चौ. किमी, नकाशाने त्यातला ८० पकडला, म्हणजे ६० टक्केच. आणि तरीही एकूण अचूकता ९२.६ टक्के येते! गोषवाऱ्यात फक्त हा ९२.६ छापलेला असतो. या नमुन्यावर प्रमाण त्रुटी काढली तर सुमारे १८ चौ. किमी येते, म्हणून लिहायचं वाक्य असं: काजूखालचं क्षेत्र १३४ चौ. किमी, ९५ टक्के विश्वासपातळीवर अधिक-उणे ३६. पिक्सेल मोजून १०० लिहिणं आणि हे लिहिणं यांतला फरक म्हणजेच पदव्युत्तर शिक्षण. कॅपाचा (योगायोग वगळून जुळणी मोजणाऱ्या गुणांकाचा) आकडा मार्गदर्शक मागतील तर द्या, पण त्यावर परिच्छेद खर्चू नका. वाचणाऱ्याला तो क्षेत्राबद्दल काही सांगत नाही.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन बिंदू घेताना मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटर चुकतं, झाडीत जास्त. १० मीटरच्या पिक्सेलचंही स्वतःचं स्थान थोडं हललेलं असतं. म्हणून बांधावर उभं राहून बिंदू घेऊ नका. किमान ३० बाय ३० मीटरचा एकसारखा तुकडा शोधा आणि त्याच्या मधोमध उभे राहा. आत जाता येत नसेल तर बांधावरून दिशा आणि अंदाजे अंतर टिपा, बिंदू नंतर चित्रावर सरकवा. चार दिशांचे चार फोटो, तारीख, पीक, झाडांचं अंदाजे वय. मालक भेटले तर गेल्या तीन वर्षांत तिथे काय होतं तेही विचारा. उंची मोबाइलवरून घेणार असाल तर सावध: जीपीएस मुळात लंबगोलावरची उंची मोजतं, आणि आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. वेंगुर्ल्याच्या वाळूत उभं राहून उपकरण उणे आकडा दाखवत असेल तर ते बिघडलेलं नाही. जिओइडची (समुद्रसपाटी आणि लंबगोल यांतल्या फरकाची) दुरुस्ती लावा. मुळात उंचीवर विषय उभा असेल तर मोबाइल बाजूला ठेवून डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) मागा.

डीईएमवरचे (पिक्सेलगणिक उंची देणाऱ्या नकाशावरचे) विषय दरवर्षी येतात: पाणलोट, मॉर्फोमेट्री, भूजल संभाव्यता. उतार काढण्याआधी डीईएम यूटीएममध्ये न्या. एसआरटीएम या जागतिक डीईएमचा पिक्सेल ०.०००२७८ अंशांचा आणि उंची मीटरमध्ये. तसाच उतार काढला की दहा मीटरचा चढ सॉफ्टवेअरला जवळपास ९० अंशांचा कडा वाटतो आणि सगळा जिल्हा लाल होतो. नेताना डीईएमला बायलिनियर रीसॅम्पलिंग, पण वर्गीकरणाच्या रास्टरला नेहमी निअरेस्ट नेबर. कारण १ म्हणजे जंगल, २ म्हणजे पाणी, ३ म्हणजे वस्ती असेल, तर बायलिनियर १ आणि ३ ची सरासरी २ काढतं, आणि जंगल-वस्तीच्या प्रत्येक सीमेवर पाण्याची बारीक रेघ उमटते. असे नकाशे छापलेले दिसतात, हे वाईट आहे.

प्रवाह काढताना एक चौरस किलोमीटरचा उंबरठा हवा असेल तर ३० मीटर डीईएमवर तो १,१११ पिक्सेलचा. निर्गमबिंदू प्रवाहाच्या नेमक्या पिक्सेलवर ‘स्नॅप’ करा. एक पिक्सेल बाजूला पडला तर आख्ख्या खोऱ्याऐवजी चार पिक्सेलचं पाणलोट मिळतं. जलाशयाच्या जागी समांतर, फूटपट्टीने ओढल्यासारखे ओढे दिसले तर ती ‘फिल’ची (खड्डे भरून सपाट करण्याची) करामत आहे, खरे ओढे नव्हेत. एसआरटीएमचं मोजमाप फेब्रुवारी २००० मधलं, तेव्हा त्यानंतरची धरणं आणि खाणी त्यात नाहीत. निकाल टोपोशीटच्या निळ्या रेषांवर ठेवून पाहा.

भूजल संभाव्यतेच्या विषयाबद्दल माझं मत कडक आहे. सात-आठ थर घ्यायचे, एएचपी या जोडी-तुलनेच्या पद्धतीने वजनं द्यायची, सुसंगतता गुणोत्तर ०.१ च्या खाली आलं की समाधान मानायचं, असा साचा पडून गेलाय. ते गुणोत्तर फक्त एवढंच सांगतं की तुमची मतं आपापसांत भांडत नाहीत. ती जमिनीशी जुळतात का, हे विहिरी सांगतील. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. त्यांच्याशी पडताळणी नसेल तर तो नकाशा म्हणजे पाच रंगांत रंगवलेलं मत. त्यातही दख्खनच्या बेसॉल्टमध्ये भेगांचा थर महत्त्वाचा, आणि तो हिलशेडवरून (उंचीवर कृत्रिम प्रकाश टाकून केलेल्या छायांकित चित्रावरून) हाताने काढतात. सॉफ्टवेअर प्रकाश ३१५ अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून टाकतं. त्यामुळे ईशान्य-नैर्ऋत्य रेषा उठून दिसतात आणि प्रकाशाला समांतर असलेल्या वायव्य-आग्नेय रेषा बुजतात. मग प्रबंधात ‘प्रमुख दिशा ईशान्य-नैर्ऋत्य’ असा निष्कर्ष येतो, जो दिव्याच्या जागेवरून आलेला असतो. किमान चार दिशांनी प्रकाश टाकून रेषा काढा.

वेळेचा हिशेब सोपा आहे पण चुकतो. चौथं सत्र जानेवारीत सुरू होतं. उन्हाळी पिकं, बागा, शहरी उष्णता हे विषय त्यात बसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवारफेरी उरका. खरिपाचा विषय असेल तर जमिनीवरचे बिंदू आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तिसऱ्या सत्रातच घ्यावे लागतात. एप्रिलमध्ये सोयाबीनच्या रानात काहीच नसतं, आणि आठवणीवर विसंबून घेतलेला नमुना परीक्षकांना लगेच कळतो. विषय निवडताना एक कसोटी लावा: उत्तर चुकीचं आलं तर ते चुकीचं आहे हे तुम्हाला कशावरून कळेल? ते सांगता येत नसेल तर विषय बदला.

पहिल्याच दिवशी फोल्डर असे करा: मूळ डेटा, मधलं काम, निकाल. मूळ डेटाला ‘रीड ओन्ली’ लावा. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि ईपीएसजी क्रमांक असू द्या, ‘फायनल २’ आणि ‘फायनल नवीन’ नको. एका साध्या मजकूर-फाइलमध्ये रोज लिहा: कुठली फाइल, कुठून घेतली, कोणत्या तारखेला, काय केलं, कुठल्या सेटिंगने. सॉफ्टवेअरची आवृत्तीही. क्यूजीआयएसच्या प्रकल्पात पाथ ‘रिलेटिव्ह’ ठेवा, आणि व्हायव्हाच्या आदल्या दिवशी सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याच्या मशीनवर उघडून पाहा. लाल त्रिकोण दिसला तर अजून एक रात्र हातात असते.